अर्धा दशावतार

भाद्रपदात पेटी उन्हात घातली तेव्हा एक गोष्ट मला आठवेना. त्या एका गोष्टीपायी एकोणीस वर्षांनी मला ठाकुरपोच्या दारात जावं लागलं. नाहीतर मी जाणारी बाई नव्हे.

ठाकुरपो म्हणजे माझा धाकटा दीर, हाराधन; मी त्याची बौदी, म्हणजे वहिनी. बंगालातल्या विष्णुपूरच्या शांखारीबाजारात नंदींच्या घरी मी सून म्हणून आले तेव्हा मी पंधराची आणि तो बाराचा. घरात सतरा माणसं, अंगणात दिवसभर शंख कापायची करवत चाललेली, पांढरी भुकटी भातावरसुद्धा बसायची. आज त्या घरात मी एकटी आहे. करवती भिंतीला टांगल्या आहेत. खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू होते, त्यांना माझं तोंड सोसलं नाही. गेले. बरं झालं, नळ उघडा ठेवायचे.

तर पेटी. तळाशी लाल फडक्यात बांधलेले पत्ते निघाले. आमच्या घरचा दशावताराचा कॅट एकशेवीस पत्त्यांचा होता. गोल, तळहाताएवढे पत्ते, पाठ शेंदरासारखी लाल. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक वजीर आणि खाली एक ते दहा. खेळायला पाच माणसं लागतात. चार चालत नाहीत, सहाही चालत नाहीत. पण माझ्या फडक्यात साठच पत्ते आहेत. मासा, कासव, वराह, नृसिंह आणि वामन. उरलेले पाच अवतार हाराधनकडे.

मी ते चटईवर मांडले आणि मनातल्या मनात डाव लावून बघायला लागले. आणि अडले. पाच अवतारांत वजिराखाली दहा मोठा असतो, एक सगळ्यांत लहान. दुसऱ्या पाचांत उलटं, एक मोठा आणि दहा लहान. माझे पाच कुठले? माशाचा दहा मोठा, की माशाचा एक? चाळीस वर्षं जे हातात होतं ते डोक्यातून गेलं होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही मला.

मुलगी आसनसोलला असते. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, थांब, मोबाईलमध्ये बघते."

"मोबाईलला काय माहीत नंदींच्या घरचा खेळ?"

"मग दुसऱ्या कुणाला विचार ना."

दुसऱ्या कुणाला म्हणजे कुणाला? सासरे गेले, चुलतसासरे गेले, माझा नवरा गुरुपद गेला त्याला पंधरा वर्षं झाली. आमच्या घरचा खेळ जाणणारा सगळ्या जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

का बोलत नव्हते तेही सांगते. उगाच लोकांनी आपल्या मनचं सांगायला नको.

बायका खेळत नसत. मी वीस वर्षं पुरुषांच्या मागे बसून पान लावलं आणि पत्ते बघितले. सासरे गेल्यावर पाचवा भिडू मिळेना, तेव्हा मी पानाचा डबा बाजूला सारला आणि त्यांच्या जागेवर बसले. कुणी उठ म्हणालं नाही. पहिल्याच महिन्यात मी हाराधनला इतकं हरवलं की त्याने जेवताना माझ्याकडे बघणं सोडलं. मग एका विजयेला, दसऱ्याच्या भेटीगाठींना, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तो हसत हसत म्हणाला, "बौदी कसली खेळते? दादा डोळ्यांनी सांगतो तिला."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो एक शब्द बोलेल म्हणून. तो हसला. एवढंच.

ते मी पोटात ठेवलं. पुढे भाऊ वेगळे झाले, तेव्हा करवती, शंखांची पोती, पितळेची भांडी, सगळं वाटून झालं आणि शेवटी पत्ते निघाले. हाराधन म्हणाला, "कॅट दादाकडेच राहू दे. मी खेळायला येत जाईन." पंच माना डोलवायला लागले. मी पडद्याआडून बाहेर आले आणि म्हणाले, "नको. अर्धं अर्धं ठरलंय ना? मग ह्यातही अर्धं अर्धं." आणि माझ्या हाताने साठ पत्ते मोजून त्याच्या पुढ्यात टाकले. राम, बलराम, परशुराम, जगन्नाथ, कल्की. पंचांमधला एक म्हातारा म्हणाला, "बाई, मग खेळणार कोण?" मी म्हटलं, "कुणीच नाही."

हाराधन माधवगंजला राहायला गेला. तेव्हापासून तो आला नाही. दशमीला देवी पाण्यात गेली की धाकट्याने थोरल्याच्या घरी जाऊन पाया पडायचं, ही विजयेची रीत. थोरल्याने वाट बघायची आणि तोंड गोड करायचं. मी दर वर्षी नारळाचे लाडू केले. दर वर्षी कालीपूजेपर्यंत डबा ठेवला. मग कामवालीला दिले. नवरा गेला तेव्हा हाराधन घाटावर परस्पर आला आणि परस्पर गेला. मी थोरली. मी का जाऊ?

यंदा अष्टमीला मृण्मयी देवीच्या पूजेची तोफ उडाली तेव्हा मी गच्चीवर होते. खिडक्यांची तावदानं हलली, कबुतरं उडाली. "यंदा दारू जास्त भरली," असं मी मोठ्याने म्हणाले. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मी खाली आले आणि नारळ खवायला घेतला. ठरलं होतं तेव्हाच. रीत मोडली तर मोडली. सांगायला निमित्त विजयेचं, पण मला दहा मोठा की एक ते हवं होतं, आणि जमलं तर दोन्ही अर्धे एकत्र करून एक डाव.

द्वादशीला दुपारी लाडवांचा डबा आणि लाल फडकं पोटाशी धरून मी टोटोत, बॅटरीच्या रिक्षात, बसले. टोटो चालवणारा लखाई ओळखीचा, मला पिशी म्हणजे आत्या म्हणतो.

"कुठे, पिशी? डॉक्टरकडे?"

"का रे, माझं तोंड आजाऱ्यासारखं दिसतंय?"

"तोंड नाही हो, तोंड ठणठणीत आहे. म्हटलं, तुम्ही कधी बाहेर पडत नाही."

"माधवगंजला ने. आणि खड्डे चुकवत ने, तुझ्या सासऱ्याचा रस्ता नाही हा."

मदनमोहनाच्या देवळाच्या वळणावर रावण मारल्याचा नाच करणाऱ्या रावणकाटावाल्यांनी वाट अडवली. तागाचे लांब केस, लाल, काळे आणि पांढरे, लाकडी मुखवटे, ढोल. पोरांना धरून धरून आया जांबुवंताच्या मांडीवर बसवत होत्या, वर्षभर भीती वाटू नये म्हणून. जांबुवंत माझ्यासमोर येऊन नाचायला लागला. मी म्हटलं, "मला कशाला घाबरवतोस? माझी घाबरायची वर्षं गेली." डब्यातून एक लाडू दिला. त्याने मुखवटा कपाळावर सारून तिथेच खाल्ला. आत घामाने निथळलेला माणूस, माझ्या धोब्याचा जावई.

रासमंचाच्या जुन्या देवळापाशी पाहुण्यांच्या दोन बस उभ्या होत्या. एका टपरीवर दहा राजे काचेच्या चौकटीत लावून टांगले होते. पाठ कागदाला चिकटवलेली, पोट काचेला. एक शहरातली बाई ती चौकट हातात धरून विचारत होती, "हे दिवाणखान्यात कुठल्या भिंतीला लावायचं?" टपरीवाला म्हणाला, "पूर्वेला." त्याच्या बापानेही कधी पत्ता टाकला नसेल. मी तोंड उघडणार होते, पण लखाईने टोटो दामटली. शहाणा आहे.

हाराधनचं घर मी कधी बघितलं नव्हतं. निळं दार, दारात तुळस, आतून माणसांचा आवाज. तिशी उलटलेल्या एका बाईने दार उघडलं. हातात सवाष्णीच्या शंखाच्या नव्या बांगड्या, आमच्याच घडणीच्या. माझे हात पंधरा वर्षांपासून मोकळे.

"वर्गणी देऊन झालीय," ती म्हणाली.

"मी मागायला आलेली दिसते तुला? तुझ्या सासऱ्याला सांग, थोरली आलीय."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पटकन वाकली आणि पाया पडली. मौटुसी तिचं नाव. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, आणि मी तिला पहिल्यांदा बघत होते.

ओसरीवर चटई होती. चटईवर पत्ते होते. गोल, एकशेवीस.

मी उभीच राहिले. चौघं जण बसले होते, आणि पाचवी जागा मौटुसी आताच सोडून आली होती. हाराधन, त्याची नात झिनुक, शेजारचा तंबाखूवाला पशुपती आणि एक बसचा जुना कंडक्टर. डाव रंगात आला होता.

हाराधनने मान वर केली. केस सगळे गेले होते, कान मोठे झाले होते. त्याने हातातले पत्ते छातीला लावले, म्हणजे कुणाला दिसू नयेत, आणि दुसऱ्या हाताने खांबाला धरून उठला. तसाच, पत्ते छातीशी, वाकून माझ्या पाया पडला.

"बौदी, तू स्वतःहून आलीस? मरायला टेकलीस की काय?"

"मी कशाला मरते? एकोणीस विजया झाल्या, म्हटलं तुझे पाय मोडले की काय बघून यावं."

"मोडलेतच. गुडघे बघ, उठताना कुरकुर ऐकलीस ना?"

"ती तुझी नव्हे, चटईची. हे पत्ते कुठले?"

तो चटईची कड सरळ करायला लागला. पशुपतीला काय कळतंय, तो मला थोरली काकू करून मोठ्या कौतुकाने म्हणाला, "अर्धे जुने, अर्धे नवे, जेठिमा. वेगळे झाले त्याच कार्तिकात काकांनी बाकीचे पाच अवतार रंगवून आणले. रंगवणाऱ्याच्या दारात बसूनच राहिले होते."

त्याच कार्तिकात. महिनाही थांबला नाही. मी एकोणीस वर्षं असं समजत होते की खेळ माझ्या पेटीत बंद आहे. दुपारी आडवी झाले की मला वाटायचं, तोही कुठेतरी अर्धे पत्ते घेऊन बसला असेल. त्याच्याकडे राम आहे पण कासव नाही, माझ्याकडे कासव आहे पण राम नाही. बाकी काही नसलं तरी तेवढं आमच्यात आहे, असं वाटायचं.

"माझ्याकडे मागायचे होतेस," मी म्हणाले.

"दिले असतेस?"

"नसते दिले."

"मग?"

मौटुसी म्हणाली, "जेठिमा, माझ्या जागेवर बसा. मी चहा टाकते."

"मी कुणाला उठवून बसत नाही. खेळ तू."

"बसा हो," पशुपती म्हणाला, "गुरुपदकाका तर त्याच जागेवर बसायचे."

कंडक्टरने पशुपतीला कोपराने ढोसलं, पण निघालेला शब्द निघाला होता.

"कधी?" मी विचारलं.

हाराधन पत्त्यांकडे बघत म्हणाला, "दर मंगळवारी. हाटाला जातो म्हणून निघायचा."

चार वर्षं. मरेपर्यंत दर मंगळवारी नवरा पिशवी घेऊन जायचा आणि दोन किडकी वांगी घेऊन यायचा. मी म्हणायचे, म्हातारपणी वांगीसुद्धा निवडता येत नाहीत तुम्हाला, तीन तास कसले घालवता? तो हसायचा. तसाच हसायचा, त्या विजयेला हसला होता तसा. बाकीचे सहा दिवस ओसरीवर हात मोकळे सोडून बसायचा, आणि मला बघून बरं वाटायचं की आता ह्याला कळतंय. ह्याला काय कळत होतं! मला कळत नव्हतं.

मी हाराधनच्या मागे जाऊन बसले. भिंतीला पाठ लावली. पानाचा डबा तेवढा नव्हता. डाव पुढे सुरू झाला. हाराधन पूर्वी पत्ते असे नाकाशी धरायचा की माशीलाही दिसू नयेत. आज त्याने हात खाली घेतला आणि थोडा तिरका केला. मला सगळं दिसत होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं. तोही दाखवलं नाही असंच दाखवत होता.

कंडक्टरने माशाचा एक टाकला. हाराधनने माशाचा दहा टाकून हात उचलला.

दहा मोठा. एवढंच होतं ते. ज्यासाठी दोन महिने झोप गेली ते कुणी न विचारता चटईवर पडलं आणि उचललं गेलं. मला विचारावंही लागलं नाही.

तेवढ्यात पत्र्यावर थेंब वाजले. आश्विनातली उडती सर, येते आणि जाते. तो डाव संपला होता, पत्ते पुन्हा वाटून झिनुकने पहिली उतारी केली. रामाची.

"पाऊस आलाय," मी म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही.

"पाऊस आलाय. उतारी कासवाची."

झिनुकने तोंड वर केलं. "कुठला नियम हा?"

"आमच्या घरचा. दिवसा राम, दिवेलागणीला नृसिंह, आणि पाऊस आला की कासव. कोरड्यात बसून कासव विसरायचं नसतं."

"आजोबा, असं काही असतं?"

हाराधन म्हणाला, "असतं. दादा गेल्यापासून आम्ही पाऊस मोजत नाही." मग पत्ते खाली ठेवून मागे वळला. "बघ, ही आली आणि नियम घेऊन आली. पोरी, राम उचल. कासव टाक."

झिनुकने कपाळाला आठ्या घातल्या, पण राम उचलला. ती चांगली खेळते. मोजते. मला दिसलं, ओठ हलवते. मी पण हलवायचे.

चहा झाला, लाडू झाले. हाराधनने चार खाल्ले. म्हणाला, "गूळ कमी पडलाय." मी म्हणाले, "अठरा वर्षं बरोबर पडत होता, तेव्हा यायचं होतंस." मग मी लाल फडकं सोडलं. काय म्हणायचं ते घरून जुळवून आणलं होतं, पण जिभेवर आलं नाही. नुसतं म्हणाले, "हे घे. अर्धे परत."

त्याने हात धुतले. पुसले. मग कॅटातले जुने साठ वेगळे काढले आणि माझ्या साठांशेजारी ठेवले. सगळे वाकले. वामन राजाची छत्री बघून झिनुक "आई गं" म्हणाली, इतका बारीक हात आता कुणाचा नाही. हाराधनने एकशेवीस एकत्र करून पिसायला घेतले. जुन्या जागेवर जुने पत्ते आले की कसा आवाज येतो, कापडासारखा, कागदासारखा नव्हे. तो आवाज मी ऐकला. त्याने पालथे वाटायला सुरुवात केली, पाच जागी, त्यांतली एक माझी. मौटुसी आधीच उठली होती.

पाच-सहा पत्ते पडले असतील. हाराधनचा हात थांबला.

चटईवर पालथे पत्ते होते. त्याचे काळपट, तपकिरी झालेले, कडांचं कापड सुटलेलं, एकोणीस वर्षं बोटांनी घासलेले. माझे लाल, कालच रंगवल्यासारखे. पेटीत कुणी हातच लावला नव्हता.

झिनुक म्हणाली, "हे तर पाठीवरूनच कळतात. लाल असला की पहिले पाच, काळा असला की—"

"गप्प बस," तिची आई म्हणाली.

पण खरं होतं. कुणाच्या हातात काय आहे ते लांबूनही कळलं असतं. त्याला खेळ म्हणत नाहीत. हाराधनने पत्ते गोळा केले, लाल वेगळे, काळे वेगळे. बराच वेळ तो लाल गठ्ठा हातात धरून बसला.

"किती जपलेस गं," तो म्हणाला.

आयुष्यात मला कुणी इतकं वाईट बोललं नाही, आणि तो वाईट बोललाच नव्हता.

"राहू देत इथे," तो म्हणाला. "बघायला होतील."

"बघायला चौकटीत असतात, रासमंचापाशी मिळतात. आण इकडे." मी फडकं बांधलं. "तुझे झाले तसे माझे व्हायला किती दिवस लागतील?"

"वेडी आहेस का? एकोणीस वर्षं लागली. आणि पाच माणसं रोज."

"माझ्याकडे दिवसभर वेळ आहे. पुढच्या विजयेला येशील का?"

"गुडघे—"

"टोटो पाठवीन. लखाई खड्डे चुकवतो."

तो हसला. हो म्हणाला नाही. नंदींच्या घरचे पुरुष हो म्हणतच नाहीत, हसतात. परतताना मी पदर पुढे ओढून बसले. लखाईने न सांगता खड्डे चुकवले.

आता माझी दुपार अशी जाते. जेवण झालं की चटई घालते. साठ पत्ते पिसते आणि पाच जागी बारा बारा वाटते. पहिली जागा सासऱ्यांची, म्हणजे माझी. दुसरी नवऱ्याची. मग हाराधन, मग मौटुसी, मग झिनुक. प्रत्येकीवर जाऊन बसते आणि त्या त्या हाताने खेळते. नवऱ्याच्या जागेवर बसले की मुद्दाम चुकीचा पत्ता टाकते, तेवढं त्याला द्यायलाच हवं. गुडघे कुरकुरतात. खरंच कुरकुरतात, चटई नव्हे. डाव संपला की पत्ते तळव्यांत घोळवते, कडा बोटांनी चोळते. दिवाळीच्या सुमारास लाल अजून लालच होतं. पौषात खिडकीशी धरून बघितलं तर वराहाच्या साताची कड जराशी उसवली होती, आतलं कापड दिसत होतं. एकच. एकोणसाठ बाकी.

काल अवेळी पाऊस आला. राम माझ्याकडे नाही म्हणून त्याच्या जागी मी वामन लावला होता, तो तिथेच ठेवला, खिडकीतून हात बाहेर काढून थेंब पडतात ना ते बघितलं, आणि चटईशी येऊन कासवाची उतारी केली. झिनुकच्या जागेवरून कुणी विचारलं नाही, कुठला नियम हा. तरी मी सांगितला.